सायकेडेलिक चित्रं आणि लॉटरीचा आकडा: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी काळ्या पेनाने आणि भडक रंगांनी सायकेडेलिक चित्रं काढते, छोटे क्लासेस घेते, अधूनमधून प्रदर्शनात टेबल लावते. चित्रांबद्दल जेवढे प्रश्न येतात जवळपास तेवढेच लॉटरीबद्दल येतात, आणि आधी मला कळायचंच नाही की हे दोन विषय एकत्र कुठून आले, पण मग माझ्याच घरातली गोष्ट आठवली. म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवतेय.

ताई, तुमच्या चित्रात कुठला आकडा लपवलाय?

कुठलाच नाही. एकाही चित्रात नाही.

मध्ये ठाण्याला एका प्रदर्शनात एक काका वीसेक मिनिटं एकाच चित्रासमोर उभे होते, मोबाईलने झूम करून करून बघत होते. मला वाटलं चित्र आवडलं. जाताना हळूच म्हणाले, "इथे सात आहे, खाली डोळ्यापाशी तीन आहे, त्र्याहत्तर ना?" मी नाही म्हटलं तरी त्यांना ते खरं वाटलं नाही, उलट मी मुद्दाम सांगत नाहीये असं वाटलं. पुढच्या रविवारी परत आले आणि म्हणाले त्र्याहत्तर लागला नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पण मला खरंच दिसतो आकडा, त्याचं काय?

दिसणारच. माणसाचा मेंदू गोंधळातून ओळखीचा आकार शोधत बसतो, ते त्याचं कामच आहे. ढगात घोडा दिसतो, चंद्रावर ससा दिसतो, दगडात गणपती दिसतो. ह्याला पॅरिडोलिया म्हणतात. आणि संबंध नसलेल्या गोष्टींत संबंध दिसायला लागणं, त्याला क्लाउस कॉनराड नावाच्या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने १९५८ मध्ये अपोफेनिया हा शब्द वापरला.

त्यात आपले देवनागरी आकडे बघा ना. १, ५, ६, ९ सगळ्यांना गाठ किंवा आकडी आहेच. माझ्या चित्रात भोवरे, वेटोळी, शेपट्या, म्हणजे कुठेही बोट ठेवा, एक नाहीतर नऊ निघणारच. आडवं धरलं तर इंग्रजी आठ निघेल. हे चित्राचं यश आहे असं मी मानते, बघणाऱ्याला प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी दिसावं म्हणूनच मी ते तसं काढते. पण चित्रात दिसलेल्या नऊला बाहेरच्या सोडतीबद्दल काहीच माहिती नसते.

सायकेडेलिक म्हणजे नक्की काय?

हम्फ्री ऑस्मंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ मध्ये लेखक ऑल्डस हक्सलीशी पत्रव्यवहार करताना हा शब्द बनवला. ग्रीकमधले दोन शब्द जोडलेत, मन आणि प्रकट करणं. मनातलं बाहेर दाखवणारं, एवढाच अर्थ.

चित्रांची शैली म्हणून ते गाजलं सॅन फ्रान्सिस्कोत, १९६६-६७ च्या सुमारास. फिलमोर आणि अॅव्हलॉन बॉलरूममध्ये रॉक म्युझिकचे कार्यक्रम व्हायचे, त्यांची पोस्टर्स वेस विल्सन, व्हिक्टर मॉस्कोसो, रिक ग्रिफिन, स्टॅन्ली माऊस, आल्टन केली ही मंडळी करायची. विल्सनची अक्षरं वितळल्यासारखी, फुगलेली, वाचायला थांबावंच लागायचं, आणि ती अक्षरं त्याने व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरच्या साठेक वर्षं जुन्या पोस्टरवरून घेतली होती. मला हे फार आवडतं. लोकांना वाटतं हे सगळं नशेच्या धुंदीत आभाळातून पडलं, पण ते जुनी पोस्टर्स बघून, अभ्यास करून आलेलं काम आहे.

आपल्याकडे ते गोव्यातून जास्त माहीत झालं. साठच्या दशकाच्या शेवटी हिप्पी हणजुण्याला येऊन राहायला लागले, पुढे ट्रान्स पार्ट्या आल्या आणि त्यांच्याबरोबर अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकणारे फ्लोरोसंट पडदे आले. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात मी पहिल्यांदा असा पडदा जवळून पाहिला आणि हात लावून बघितला, साधं सुती कापड आणि वर रंग.

नशा करून काढता का?

नाही, आणि ज्या मुलांना वाटतं की त्याशिवाय जमत नाही त्यांना मी हात जोडून सांगते, तसं काही नाही. एलएसडी वगैरे पदार्थ एनडीपीएस कायद्याने, म्हणजे १९८५ पासून, आपल्याकडे गुन्हा आहेत, पण कायदा बाजूला ठेवला तरी चित्रासाठी त्यांची गरज नाही.

हाइनरिख क्ल्यूव्हर नावाच्या संशोधकाने १९२० च्या दशकात मेस्कलिन हा भास घडवणारा पदार्थ घेतल्यावर लोकांना काय काय दिसतं त्याचा अभ्यास केला, तर सारखे चारच प्रकार निघाले: जाळी किंवा मधमाशीचं पोळं, कोळ्याचं जाळं, बोगदा आणि मळसूत्र. हेच आकार मायग्रेनवाल्यांना दिसतात, आणि लहानपणी आपण डोळे मिटून वरून तळवे हलकेच दाबायचो तेव्हा जे चमचमतं तेही ह्यातलंच. म्हणजे आकार आपल्या डोळ्यांच्या आणि मेंदूच्या रचनेतच आहेत, कुठून विकत आणायचे नाहीत. (डोळे जोरात दाबू नका.)

मला चित्रकला येत नाही, सुरुवात कशी करू?

येत नाही म्हणणाऱ्यांनाच हे जास्त लवकर जमतं, कारण त्यांना हात-पाय-चेहरा बरोबर आला पाहिजे ही भीती नसते.

साहित्य: जाड ड्रॉइंग पेपर, साधा काळा जेल पेन किंवा फाइनलायनर ०.४ चा, पेन्सिल. बस. महागडे मार्कर पहिल्या महिन्यात घेऊ नका.

पेन्सिलने कागदावर पाच-सहा ठिपके द्या, एकसारख्या अंतरावर नको, वेडेवाकडे. एका ठिपक्याभोवती लहान गोल काढा, त्याला चिकटून दुसरा, तिसरा, चौथा, पाण्यात खडा टाकल्यावर तरंग उठतात तसे. मग दुसऱ्या ठिपक्याभोवती तेच. दोन तरंग एकमेकांना भिडले की ओलांडायचं नाही, जिथे भिडले तिथे थांबायचं आणि तिसऱ्या बाजूने वळसा घालून पुढे जायचं. एवढा एकच नियम पाळला की तासाभरात कागद हलायला लागतो. रेघ थरथरली तरी पुढची रेघ त्याच थरथरीला धरून काढा, सुधारू नका, कारण पहिली चूक पुढच्या दहा रेघांत पसरत जाते आणि तिची लाट होते, आणि ती लाटच त्या चित्रातली सगळ्यात सुंदर जागा होते, हे मी दर बॅचला बघते आणि दर वेळी मला तितकाच आनंद होतो.

दुसऱ्या आठवड्यात रेघांमधली जागा एकाआड एक काळी भरा. कडेला बारीक आणि मध्ये जाड भरली की पृष्ठभाग फुगलेला दिसतो. तिसऱ्या आठवड्यात ओळखीची वस्तू आत सोडा, एक डोळा, एक मासा, आंब्याची कोय, घरातली समई. मंडईतला कापलेला लाल कोबी आणून समोर ठेवा, त्याच्याएवढं सायकेडेलिक मी काही पाहिलेलं नाही.

तुमचे रंग थरथरल्यासारखे दिसतात ते कसं करता?

ही युक्ती मॉस्कोसोची. तो येल विद्यापीठात जोसेफ आल्बर्सकडे रंग शिकला होता. तिथे शिकलेले दोन भांडखोर रंग शेजारी न लावण्याचे नियम त्याने पोस्टरमध्ये बरोबर उलटे केले. रंगचक्रात समोरासमोर असलेले दोन रंग घ्या, लाल-हिरवा किंवा केशरी-निळा, पण दोन्हीचा गडदपणा सारखाच पाहिजे. मग दोघांच्या सीमेवर डोळ्याला ठरवताच येत नाही पुढे कोण आणि मागे कोण, आणि ती कड थरथरते.

गडदपणा सारखा आहे का हे बघायला मोबाईलने फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. दोन्ही रंग एकाच राखाडीत मिसळून गेले तर जमलं. पोस्टर कलरने सगळ्यात छान होतं, वॉटर कलर पातळ पडतात. मध्ये काळी आउटलाइन मात्र घालू नका, थरथर मरते.

आकड्यांची लॉटरी खेळतात कशी?

दोन वेगळ्या गोष्टी लोक एकाच शब्दात बोलतात म्हणून आधी वेगळ्या करते.

सरकारी लॉटरी: महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ ला सुरू झाली, कार्यालय वाशीला आहे. तिकिटावर सिरीज आणि नंबर आधीच छापलेला असतो, आपण आकडा लावत नाही, दुकानातल्या गठ्ठ्यातून तिकीट निवडतो. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, मागे नाव-पत्ता-सही लगेच करा, तिकीट घडी घालून चुरगाळू नका, निकाल सरकारी यादीत बघा, आणि बक्षीस मागायची मुदत मागे छापलेली असते ती वाचा. १९९८ चा केंद्राचा लॉटरी कायदा आहे, त्यात स्पष्ट आहे की एका अंकावर किंवा आधी जाहीर केलेल्या आकड्यावर बक्षीस ठेवता येत नाही, सोडत राज्य सरकारनेच काढायची, एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडत नाही आणि वर्षात सहापेक्षा जास्त बंपर नाहीत. म्हणजे कोणी तुम्हाला "सिंगल अंकाची सरकारी लॉटरी, दर पंधरा मिनिटाला निकाल" सांगत असेल तर तो काय विकतोय ते ह्यावरून ओळखा. मोठं बक्षीस लागलं तर ३० टक्के कर कापला जातो आणि वर सेस भरावा लागतो, तो हिशेब आधीच धरा.

मटका: हा बेकायदा आहे, तेव्हाही होता आणि आताही आहे. पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव टेलीप्रिंटरवर मुंबईला यायचे आणि त्यावर पैजा लागायच्या, ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. १९६१ ला ते भाव येणं थांबलं. १९६२ ला कल्याणजी भगतने वरळी मटका सुरू केला, १९६४ ला रतन खत्रीने न्यू वरळी. आधी मडक्यातून चिठ्ठ्या काढायचे, म्हणून मटका, मग पत्ते आले. राजा-राणी-गुलाम काढून तीन पत्ते, समजा २, ५, ८, बेरीज १५, शेवटचा अंक ५, तो ओपन. तसाच रात्री क्लोज, दोन्ही मिळून जोडी.

आता गणित. जोड्या १००, ०० पासून ९९ पर्यंत. लागली तर रुपयाला ९०. शंभर लोकांनी शंभर वेगळ्या जोड्यांवर एकेक रुपया लावला तर शंभर जमा होतात आणि नव्वद वाटले जातात. हे अगदी प्रामाणिक पत्ते निघाले तर. पत्ते ज्याच्या हातात आहेत त्याला कुठल्या आकड्यावर किती पैसे लागलेत हेही कळत असतं, हे विसरू नका.

तुमचं ह्यात काय गेलंय एवढं?

बाबा लालबागला एका गिरणीत साचेखात्यात होते. पाळी सुटली की नाक्यावर टपरीमागे आकडा लावायचे, चार आणे, आठ आणे. रात्री नऊच्या सुमारास ओपन, बाराच्या सुमारास क्लोज, आमची अख्खी चाळ क्लोज ऐकून झोपायची. मागच्या आठवड्यांचे आकडे लिहिलेले चार्ट घरात पडलेले असायचे, त्यांची मागची बाजू कोरी, आणि मला चित्र काढायला तेवढाच कागद मिळायचा. मी त्यावर गोल गोल, भोवरे, जिलब्या काढत बसायचे. साधारण पाच-सहा वर्षांची असेन.

एकदा बाबांनी माझ्या जिलबीत आकडे पाहिले आणि लावले, आणि जोडी लागली. रुपयाचे नव्वद. मला नवा फ्रॉक आला, खडूची पेटी आली, बाबांनी खांद्यावर घेऊन सगळ्या चाळीला दाखवलं, पोरीच्या हातात लक्ष्मी आहे. मग रोज संध्याकाळी दारात चप्पल काढता काढता पहिला प्रश्न, "आज काय काढलंस, दाखव." आकडा लागला नाही की ओरडायचे नाहीत कधीच, नुसते कागद खिडकीशी नेऊन बघत राहायचे की आपलं कुठे चुकलं. मला वाटायचं माझंच चित्र चुकलं. मी मुद्दाम जास्त गाठी, जास्त वेटोळी काढायला लागले, म्हणजे बाबांना नीट दिसावं. त्या वर्षात आईच्या पाटल्या गेल्या. मग १९८२ चा संप आला, गिरणीच गेली, आणि आम्ही गावी आलो.

ज्या माझ्या शैलीचं लोक कौतुक करतात, ती मी तिथे शिकले. म्हणून प्रदर्शनातल्या काकांना मी खोटं सांगूच शकत नव्हते.

चित्रावरून आकडा असं जगात कुठे खरंच चालतं का?

चालतं, आणि हा भाग मला खरंच मनापासून आवडतो.

इटलीत नेपल्सला स्मोर्फिया नावाची यादी आहे, स्वप्नात काय दिसलं त्यावरून कुठला आकडा. १ ते ९० सगळ्यांना चित्र आहे: ३ मांजर, ४ डुक्कर, ५ हात, २२ वेडा, ४५ चांगली दारू, ४७ मेलेला माणूस आणि ४८ बोलणारा मेलेला माणूस, ५२ आई, ५५ संगीत, ७१ ला काय आहे ते मी इथे लिहू शकत नाही, ९० भीती. स्वप्नात वारलेले आजोबा आले तर ४७, आणि ते काही बोलले तर ४८, एवढा बारीक विचार! तिथली लॉटरी, लोत्तो, सरकारी आहे, एकेका शहराचं एक चक्र आणि त्यातल्या ९० आकड्यांच्या गोळ्यांमधून ५ निघतात.

ब्राझीलमध्ये १८९२ ला रिओतल्या प्राणिसंग्रहालयाच्या मालकाने, बॅरन द्रुमोंदने, गर्दी वाढावी म्हणून तिकिटावर प्राण्याचं चित्र छापलं आणि संध्याकाळी त्या दिवसाचा प्राणी जाहीर करायचा. पंचवीस प्राणी, प्रत्येकाला चार आकडे, शहामृगापासून गायीपर्यंत. प्राणिसंग्रहालय बाजूलाच राहिलं आणि खेळ देशभर पसरला, तिकडेही तो बेकायदाच आहे.

चित्र माणसाला आकडा लक्षात ठेवायला मदत करतं, हे खरं. आकडा निघायला मदत करतं, हे कुठेच नाही, नेपल्सलाही नाही.

खूप दिवस न आलेला आकडा आता येणारच ना?

नाही. आणि ह्याचं उदाहरण त्याच लोत्तोमधलं आहे. व्हेनिसच्या चक्रावर ५३ हा आकडा मे २००३ नंतर निघेचना. लोकांना वाटलं आता येईल, आता तर यायलाच पाहिजे. लोकांनी त्या एका आकड्यावर साडेतीन अब्ज युरोहून जास्त लावले, घरं गहाण पडली, काहींनी जीव दिला. शेवटी ९ फेब्रुवारी २००५ ला निघाला, १८२ सोडतींनंतर. प्रत्येक सोडतीत त्याची शक्यता अठरात एक, पहिल्या दिवशीही आणि एकशे ब्याऐंशीव्या दिवशीही, कारण गोळ्यांना कालचं आठवत नाही. आणि एक आकडा बरोबर आला की मिळतात अकरापटीच्या जरा वर. अठरात एक संधी आणि अकरापट पैसे, ह्यातच सगळं आलं.

बाबांचे चार्ट म्हणजे हेच होतं, किती दिवस कुठला आला नाही.

मोबाईलवर मटक्याचे अॅप्स आहेत, ते तर चालतात ना?

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. "गेसिंग", "फिक्स जोडी", "व्हीआयपी पॅनल" विकणाऱ्यांना एक पैसा देऊ नका. ज्याला उद्याचा आकडा माहीत आहे तो तुम्हाला पाचशे रुपयाला कशाला विकेल?

घरात कोणी ह्यात अडकलंय, काय करू?

भांडू नका, आणि कर्ज गुपचूप फेडूनही टाकू नका, दोन्ही आईने करून बघितलं. टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिथे आधी तुम्ही स्वतः बोला.

तुमचा तो चित्रांचा हाऊजी सेट काय आहे?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं. आपण गणपतीत, लग्नाच्या आदल्या रात्री हाऊजी खेळतो ना, तांबोला, तो मूळचा नेपल्सचाच, तोंबोला. सांगतात की १७३४ ला राजा चार्ल्सला लोत्तो पाहिजे होता आणि फादर रोक्कोचा विरोध होता, मग नाताळच्या आठवड्यात लोत्तो बंद ठेवायचं ठरलं आणि लोकांनी तो घरात बसून खेळायला सुरुवात केली. आकडे तेच, १ ते ९०.

मी त्या नव्वद आकड्यांना आपली चित्रं काढलीत, सगळी रेघांची, थरथरत्या रंगांची. ३ ला मांजर तशीच ठेवली, ५२ ला आई तशीच ठेवली, कारण त्या बदलाव्याशा वाटल्या नाहीत. ७ ला वासुदेवाची टोपी, ३२ ला तिथे वाम आहे, मीही वामच ठेवली. ८८ ला तिथे चीज आहे, मी दोन मोदक काढलेत. ५३ नेपल्समध्ये म्हातारा आहे, माझ्याकडेही म्हातारा आहे, खिडकीशी कागद धरून उभा.

नंबर पुकारणाऱ्याने आकडा बोलायचा नाही, नुसतं चित्र वर धरायचं आणि त्यावर एक ओळ बोलायची, ज्याला आधी कळेल त्याने ओरडायचं. लहान मुलं मोठ्यांना हरवतात ह्यात. सेट विकायला नाहीये, पण चित्रं पाठवते, घरी प्रिंट काढा. पैसे लावायचे नाहीत, ही माझी एकच अट. तिकिटावर पंधरा आकडे असतात, म्हणून माणशी पंधरा चिंचोके काढून ठेवा, आणि चार-पाच जास्तीचे ठेवा कारण ते हमखास पलंगाखाली जातात.